खाणीत पर्यावरण अधिकाऱ्याची नोकरी : हाती नेमके काय असते?

पैनगंगाकाठ यांचा प्रश्न

सर्व सभासदांना नमस्कार. मी वणी तालुक्यातील आहे आणि अमरावती विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले आहे. सध्या माझ्यापुढे दोन संधी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील एका खासगी उघड्या कोळसा खाणीत कनिष्ठ पर्यावरण अधिकारी म्हणून नेमणूक मिळत आहे, आणि नागपूरच्या एका सल्लागार संस्थेत क्षेत्रकामासाठी सहायकाची जागा आहे, जिचा पगार पहिल्या जागेपेक्षा बराच कमी आहे. कोल इंडियाच्या परीक्षेची तयारी करावी, असा सल्लाही काही जण देतात.

खाणकाम आमच्या घराला नवे नाही. काकांचे शेत कोळशासाठी संपादित झाले आणि आज त्या जागेवर मातीचा डोंगर उभा आहे. त्यामुळे ज्यांनी शेत घेतले त्यांच्याच बाजूने तू अहवाल लिहिणार का, असे घरात विचारले जाते आणि मला त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. या क्षेत्रात काम केलेल्यांकडून मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या अधिकाऱ्याचे प्रत्यक्ष काम काय असते? त्याच्या म्हणण्याला खाणीत काही किंमत असते की तो केवळ कागद पूर्ण करण्यासाठी नेमलेला असतो? आणि पदवीत न शिकवलेले असे काय शिकून घ्यावे लागते? मुलगी म्हणून काही वेगळ्या अडचणी येतात का, तेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

जुना खाणकरी यांचे उत्तर

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. वर्धा खोऱ्यातील उघड्या खाणींत पर्यावरण विभागाचे काम पाहून मी निवृत्त झालो आहे. या अधिकाऱ्याचे वजन त्याच्या पदनामावर ठरत नाही. खाणीचा आराखडा तयार होत असताना त्याला चर्चेला बोलावतात, की आराखडा मंजूर झाल्यावर माहितीसाठी प्रत पाठवतात, यावर ते ठरते. ओबीचे, म्हणजे कोळशावरच्या माती-खडकाचे ढिगारे कोठे पडणार, सुपीक माती कोठे साठवणार, कोळशाचे ट्रक कोणत्या गावाला वळसा घालून जाणार आणि खाणीतले पाणी कोणत्या नाल्यात सोडणार, हे निर्णय एकदा झाले की पुढील वीस-पंचवीस वर्षे पर्यावरण विभागाला त्यांचे परिणाम थोडेफार सौम्य करण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

एक उदाहरण देतो. आपल्या भागात खाणीच्या जागेवर वरचा थर बहुधा काळ्या मातीचा असतो. ही माती पाण्याने फुगते आणि ओली झाली की तिचा जोर जातो, म्हणून तिच्यावरच ढिगारा रचला तर पावसाळ्यात त्याचा पायाच सरकू लागतो. वेकोलिच्या, म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीच्या, परिसरातील ढिगारे घसरण्याच्या घटनांत पायथ्याची काळी माती हे ओळखीचे कारण आहे. ढिगारा टाकण्यापूर्वी ती माती खरवडून बाजूला घेतली, तर ढिगारा स्थिर राहतो आणि पुढे त्याच्याच माथ्यावर पसरण्यासाठी सुपीक माती हाताशी राहते. झाडांसाठी माती वाचवा, असे सांगितले की उत्पादन विभागाचे अधिकारी मान डोलावतात आणि विसरून जातात. ढिगारा घसरला तर शॉवेल, म्हणजे खोदकामाचे मोठे यंत्र, गाडले जाईल, असे सांगितल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी डोझर मिळतो. खाणीत टिकायचे असेल, तर आपले म्हणणे समोरच्याच्या चिंतेशी जोडून मांडता आले पाहिजे.

त्या मातीची पुढची काळजीही आपल्याकडेच असते. ती उंच ढीग करून वर्षानुवर्षे ठेवली, तर आतील भागास हवा मिळत नाही, सूक्ष्मजीव आणि बियाणे मरतात, आणि शेवटी पसरायला मिळते ती केवळ चिकणमाती. म्हणून साठा कमी उंचीचा ठेवून त्यावर गवत व द्विदल वनस्पती वाढवतात, आणि शक्य तितक्या लवकर तो वापरतात. ओबीच्या ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, पायथ्याशी दगडी भिंत असावी, भोवती चर असावा आणि चराचे पाणी गाळ बसवण्याच्या तळ्यातून मगच बाहेर सोडावे, अशा अटी पर्यावरण मंजुरीच्या पत्रात बहुतेक वेळा असतातच. चर खोदणे सोपे आहे. पावसाळ्यापूर्वी तो उपसून घेण्यासाठी यंत्र मिळवणे हे खरे काम आहे. मे महिन्यात सर्व यंत्रे उत्पादनाला जुंपलेली असतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो.

धुळीचे म्हणाल, तर उघड्या खाणीत तिचा मोठा वाटा डंपरच्या कच्च्या रस्त्यांचा असतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात टँकरने मारलेले पाणी पाहता पाहता वाळते, त्यामुळे फेऱ्यांची संख्या कागदावर कितीही असली तरी दुपारी रस्ता कोरडाच दिसतो. रस्त्याचा भराव नीट दाबणे, खडी चांगली वापरणे, ओल धरून ठेवणारे क्षार मिसळणे आणि कायमचे फवारे बसवणे यांचा उपयोग टँकरपेक्षा टिकाऊ असतो. कोळसा खाणीबाहेर नेताना ताडपत्री, वजनकाट्यापाशी चाके धुण्याची सोय आणि गावाबाहेरून रस्ता, या तीन गोष्टींवरून गावकरी खाणीची पारख करतात, आणि ते योग्यच आहे.

आता कागद. पर्यावरण मंजुरीतील प्रत्येक अटीचा अनुपालन अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. मंडळाच्या संमतीपत्राचे नूतनीकरण, हवा-पाण्याचे नमुने, घातक कचऱ्याचा हिशेब, विहिरींच्या पातळ्या हे सारे वेगळेच. कोळसा खाणीतून सोडलेल्या पाण्यात निलंबित घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत आणि सामू (पीएच) ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा, असे मानक आहे. ऑगस्टमध्ये खाणीच्या तळाचे पाणी उपसताना हे मानक पाळणे किती कठीण आहे, ते पंपावरच्या माणसाला विचारा. या कागदांना कमी लेखू नका. प्रत्येक अहवालात एक ओळ अशी असते की जिच्या आधारे पुढच्या वर्षी पैसे मागता येतात.

रुजू होण्यापूर्वी त्या खाणीचे मंजुरीपत्र मिळवून वाचा. केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर अशी पत्रे असतात. त्यात सहसा दोन अटी सापडतील. एक म्हणजे पर्यावरण कक्ष स्वतंत्र असावा आणि त्याचा प्रमुख थेट संस्थेच्या प्रमुखाला उत्तरदायी असावा. दुसरी म्हणजे पर्यावरणासाठीचा निधी वेगळ्या खात्यात असावा आणि तो अन्यत्र वळवू नये. मुलाखतीत नम्रपणे विचारा की हा कक्ष कोणाच्या हाताखाली आहे. उत्पादन व्यवस्थापकाच्या हाताखाली असेल, तर आपली नोकरी फवारणीच्या नोंदवहीपुरतीच राहील, हे धरून चाला.

भूजल नागपूर यांचे उत्तर

मी सल्लागार संस्थेच्या बाजूने लिहितो. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचे अहवाल तयार करणाऱ्या संस्थेला भारतीय गुणवत्ता परिषदेच्या नॅबेट मंडळाची मान्यता लागते, आणि त्या मान्यतेत हवा, पाणी, भूजल, जैवविविधता, जमीन वापर, सामाजिक-आर्थिक अशा प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र तज्ज्ञ दाखवावा लागतो. म्हणजे या बाजूला येणाऱ्याने दोन-तीन वर्षे सर्व प्रकारची क्षेत्रकामे केल्यानंतर एक विषय धरावा आणि त्यात तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळवावी. मी भूजल धरले. आपल्याकडे भूगोल व दूरसंवेदनाचे कौशल्य असेल, तर त्यालाही मागणी आहे. सीएमपीडीआय ही कोल इंडियाची नियोजन संस्था वर्षाला ५० लाख घनमीटरपेक्षा अधिक कोळसा व ओबी काढणाऱ्या खाणींच्या जमिनीचे पुनर्वसन दरवर्षी उपग्रह प्रतिमांवरून तपासते आणि लहान खाणींचे दर तीन वर्षांनी. तिची प्रादेशिक शाखा नागपुरातच आहे.

आमच्या कामाचा गाभा आहे खाण सुरू होण्यापूर्वीची स्थिती नोंदवणे. खाणीपासून १० किलोमीटर त्रिज्येतील हवा, पाणी, माती, पिके, गावे यांची माहिती पावसाळा वगळून एका पूर्ण हंगामात गोळा करावी लागते. हे काम कंटाळवाणे वाटते. पण पुढे विहीर आटल्याचा वाद उभा राहतो तेव्हा निकाल याच नोंदींवर लागतो. वर्धा खोऱ्यात कोळसा बराकर नावाच्या खडकांच्या थरांत आहे आणि त्यावर असलेला कामठी नावाचा वालुकाश्म पाणी चांगले धरतो. खाण त्यातून खाली जाते तेव्हा भोवतालचे भूजल खाणीकडे वाहू लागते. किती अंतरापर्यंत पातळी खाली जाईल, हे खडकाच्या पाणी वाहून नेण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते आणि त्यासाठी पंप चाचणी करावी लागते. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत त्याच त्या विहिरींची पातळी मोजलेली असेल, तर खाणीचा परिणाम आणि कमी पावसाचा परिणाम वेगळे करता येतात. विहिरी दरवर्षी बदलल्या असतील, तर कोणालाच काही सिद्ध करता येत नाही, आणि त्याचा तोटा नेहमी शेतकऱ्याला होतो.

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी अहवालाचा गोषवारा मराठीतही द्यावा लागतो. तो कसा लिहिलेला असतो ते पाहायचे असल्यास कोणताही एक उघडून वाचा. कित्येक वाक्ये लिहिणाऱ्यालाही कळली नसावीत. आपण वणीच्या आहात, घरी शेती आहे आणि विषयाचे शिक्षण आहे. ज्या शेतकऱ्याला कळायला हवे त्याला कळेल असा गोषवारा लिहिणारी व्यक्ती आमच्या व्यवसायात दुर्मीळ आहे.

पगार सुरुवातीला कमी असतो हे खरे आहे, आणि उन्हात वाळूच्या रस्त्यावरून हवेचे नमुने घेणारी यंत्रे वाहून न्यावी लागतात. त्या बदल्यात तीन वर्षांत कोळसा, चुनखडी, मँगनीज आणि गौण खनिज अशा सर्व प्रकारच्या खाणी आतून पाहायला मिळतात. कोळशाखेरीज इतर प्रमुख खनिजांच्या खाणबंदीच्या योजना भारतीय खाण ब्युरोकडे जातात आणि त्याचे मुख्यालयही नागपूरलाच आहे. गुमगावच्या मँगनीज खाणीवरील ढिगाऱ्यांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्यातील मळी (प्रेसमड) आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी व जिवाणू वापरून झाडे वाढवली, ते काम आजही दाखले देण्याजोगे आहे. नुसत्या खडकावर माती नसताना झाड कसे उभे करायचे, हे पुस्तकात वाचून समजत नाही. संधी मिळाल्यास तेथे जाऊन पाहा.

वर्धेअलीकडचा यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत. मी मात्र राजुरा तालुक्यातील शेतकरी आहे आणि खाणीच्या कुंपणापलीकडून लिहितो आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक परिसरांचे प्रदूषण निर्देशांक काढले तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह सर्वाधिक प्रदूषितांत चौथ्या क्रमांकावर होते. त्या काळातही प्रत्येक खाणीत आणि प्रत्येक कारखान्यात पर्यावरण अधिकारी होता, अहवालही वेळेवर जात होते. मग हे गुण कोणाचे?

आमच्या गावाजवळच्या खाणीतून, तिचे नाव घेत नाही, दुपारी सुरुंग उडतात. घरांच्या भिंतींना तडे गेल्यावर तक्रार केली. कंपनीचे लोक यंत्र घेऊन आले, ते खाणीच्या फाटकापाशी ठेवले आणि कंपन मर्यादेत असल्याचे पत्र आम्हाला दिले. फाटक ज्या बाजूला आहे त्या बाजूला त्या दिवशी सुरुंगच नव्हता. पर्यावरण अधिकारी म्हणून आलेला मुलगा भला होता, पण त्याने कागदावर सही केली आणि पुढच्या वर्षी तो दुसरीकडे बदलून गेला. जनसुनावणीच्या आधीच्या महिन्यात मात्र सर्वांना आमची आठवण येते.

ताई, तुमच्या घरचे विचारतात तो प्रश्न चुकीचा नाही. तुम्ही नोकरी घ्या किंवा घेऊ नका, पण घेतलीत तर यंत्र आमच्या अंगणात ठेवा.

जुना खाणकरी यांचे उत्तर

वर्धेअलीकडचा यांचा राग समजण्यासारखा आहे. त्यांनी मांडलेली गोष्ट तांत्रिकदृष्ट्याही महत्त्वाची असल्याने तिचे थोडे विवेचन करतो, कारण ती ताईंच्या उपयोगाची आहे.

खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी कंपनाची मर्यादा कंपनाच्या वारंवारितेप्रमाणे बदलते. वारंवारिता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, ८ हर्ट्झपेक्षा कमी असेल तर मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झ असेल तर १० आणि त्याहून अधिक असेल तर १५. मातीचा थर जाड असेल किंवा घर दूर असेल, तर कंपने कमी वारंवारितेची होतात, आणि घरांना त्यांचाच त्रास अधिक होतो. त्यामुळे केवळ कंपनाचा वेग दाखवून वारंवारिता न सांगणारे पत्र अपुरे आहे. ज्या घराची तक्रार आहे त्याच घराच्या पायाशी, जमिनीत नीट बसवून यंत्र ठेवावे लागते आणि त्या दिवशीच्या सुरुंगाची नोंद, म्हणजे एका वेळी किती स्फोटके उडाली आणि घर किती अंतरावर होते, ती सोबत जोडावी लागते. एका विलंबात, म्हणजे एकाच क्षणी, उडणारी स्फोटके कमी केली की कंपन उतरते. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरने ते नेमकेपणाने साधता येते. खर्च वाढतो, म्हणून मोजमाप कोणी तरी पुढे ठेवल्याशिवाय ते आणले जात नाहीत.

तेव्हा सहीबद्दल एक सल्ला. ज्या नमुन्याच्या किंवा मोजमापाच्या वेळी आपण हजर नव्हतो, त्याखाली सही करू नये. दुरुस्ती सुचवली असेल तर ती तारखेसह लेखी द्यावी आणि प्रत आपल्याजवळ ठेवावी. पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाऐवजी २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे, पण कंपनीच्या कामाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला उत्तर द्यावे लागते, हे तत्त्व कायम आहे. कनिष्ठ माणसाच्या सहीमागे वरिष्ठांनी लपण्याची पद्धत खाणीत जुनी आहे.

ब्रिस्बेनकर यांचे उत्तर

मी नागपूरचा असून सध्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये कोळसा खाणींच्या पुनर्वसनाचे काम करतो. ताईंनी दूरचा विचार करावा म्हणून एवढेच सांगतो की पुढील काळात या व्यवसायाचे मोठे काम खाण बंद करण्याचे असणार आहे.

येथे १ नोव्हेंबर २०१९ पासून मोठ्या खाणींना टप्प्याटप्प्याने पुनर्वसन आणि बंदीची योजना द्यावी लागते. कोणता तुकडा कोणत्या वर्षी समतल होईल, कधी माती पसरली जाईल आणि शेवटी त्याचा वापर चराईसाठी की जंगलासाठी, हे तारखांसह लिहावे लागते, आणि मंजुरीनंतर त्या तारखा बंधनकारक असतात. पुनर्वसनाचा अंदाजित खर्च काढून त्यावर आर्थिक हमीही घेतली जाते. त्यामुळे पर्यावरण विभागाची आकडेवारी थेट कंपनीच्या हिशेबात उतरते आणि खाण नियोजन करणारा अभियंता आमच्याकडे स्वतःहून येतो. जुना खाणकरी यांनी चर्चेला बोलावण्याचा जो मुद्दा मांडला, तो येथे पैशाने सुटला, सद्भावनेने नाही.

भारतातही पाया घातला गेला आहे. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये आणि नंतर २०१३ मध्ये खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०१३ च्या तत्त्वांनुसार उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये, २००९ च्या किमतींना धरून आणि महागाईप्रमाणे वाढवत, कोळसा नियंत्रकांसोबतच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत पैसे अडकवून ठेवणाऱ्या खात्यात, ठेवायचे असत. केलेल्या पुनर्वसनाची पडताळणी झाली की त्यातील काही रक्कम कंपनीला परत मिळते. ज्या अधिकाऱ्याला हा हिशेब मांडता येतो, त्याचे व्यवस्थापन ऐकते. मातीकाम घनमीटरमध्ये मोजायला, डोझरचा तासाचा दर काढायला आणि त्रिमितीय नकाशा वाचायला शिका. पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे येथेही शिकवत नाहीत. धातूंच्या खाणींकडे जायचे असल्यास टेलिंग्ज, म्हणजे धातुकातील उपयुक्त खनिज वेगळे केल्यावर उरणारा ओला गाळ साठवणारी धरणे, हा विषय धरा. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो येथे असे धरण फुटून २७० माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यासाठी जागतिक मानक आले.

पैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वर्धेअलीकडचा दादांचे उत्तर मी घरी वाचून दाखवले. अजून दोन शंका आहेत. एम.एस्सी.च्या आधारे कोल इंडियाची परीक्षा देता येईल का? आणि रात्रपाळीबद्दल खाणीत स्त्रियांसाठी काय नियम आहे? त्या खाणीचे मंजुरीपत्र आणि मागील अनुपालन अहवाल मी शोधून वाचले. हेक्टरी २५०० रोपांची अट आहे आणि अहवालात तिच्यासमोर फक्त 'अनुपालन सुरू आहे' असे लिहिले आहे. पर्यावरण कक्षाच्या अटीसमोर 'नोंद घेतली' असे आहे. याचा अर्थ कसा लावावा?

भूजल नागपूर यांचे उत्तर

पहिल्या शंकेचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. कोल इंडियाच्या जानेवारी २०२५ च्या जाहिरातीत व्यवस्थापन प्रशिक्षणार्थींच्या ४३४ जागा होत्या आणि त्यातील २८ पर्यावरण शाखेच्या होत्या. पण त्या शाखेसाठी पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी, किंवा अन्य अभियांत्रिकी पदवीनंतर पर्यावरण अभियांत्रिकीतील पदव्युत्तर शिक्षण, अशी पात्रता होती. केवळ विज्ञान शाखेच्या पदव्युत्तर पदवीवर तेथे अर्ज करता येत नाही. परीक्षेच्या तयारीत वर्ष घालवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. आपल्यासाठी खुले असलेले मार्ग म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळातील वैज्ञानिक पदे, नीरीसारख्या संस्थांतील प्रकल्प सहायकाच्या जागा आणि खासगी क्षेत्र. गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे; काही संस्था त्याच्या गुणांवर एम.एस्सी. झालेल्यांना एम.टेक.ला प्रवेश देतात.

स्त्रियांबाबत पूर्वी खाण कायद्याने भूमिगत कामाला आणि जमिनीवरील खाणीत सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेतील कामाला मनाई होती. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने त्यातून सूट दिली. त्या सूटीनुसार लेखी संमती घेऊन उघड्या खाणीत रात्रीही काम देता येऊ लागले, मात्र एकटीला नव्हे, किमान तिघींच्या गटात. पर्यावरणाचे बहुतेक काम दिवसाचे असते. नियमापेक्षा अडचण येते ती खाणीच्या तळाशी स्वच्छतागृह नसण्याची आणि ये-जा करण्याच्या गाडीची. हे दोन्ही आधीच विचारून घ्या, संकोच नको.

आता अहवाल. 'नोंद घेतली' हे उत्तर भविष्यातील अटीसाठी चालते. जी अट आजच पूर्ण असायला हवी, तिच्यासमोर ते आले असेल, तर बहुधा कक्ष कागदावरच आहे. रोपांच्या अटीसमोर किती हेक्टर, कोणत्या वर्षी, किती लावली आणि आज किती जिवंत आहेत, हे चार आकडे हवेत. मुलाखतीत आपणच ते विचारा. ते त्यांच्याजवळ तयार असतील, तर खाणीची जागा सल्लागार संस्थेपेक्षा चांगली आहे. ते नसतील, पण आपल्याला तीन महिने देऊन ते गोळा करू देण्याची लेखी तयारी असेल, तरीही विचार करण्याजोगी आहे. प्रश्नच आवडला नाही, तर नागपूरला या; मार्चमध्ये आमचे क्षेत्रकाम सुरू होते आणि माणसे नेहमीच कमी पडतात.